घरच्या इंटरनेटचे बिल : कंपनी न बदलता खर्च आटोक्यात कसा आणावा?



आपल्या या अंकातून लागणीचे अंतर, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त असे विषय आपण नेहमी वाचता. आज विषय जरा निराळा आहे, पण पैशाचाच आहे. उसाचे बिल वर्षातून एकदा येते आणि इंटरनेटचे बिल दरमहा येते. येणारे पैसे एकदा व जाणारे पैसे बारा वेळा, असा हा हिशेब असल्यामुळे त्याकडे डोळेझाक करून चालणार नाही.

माझी थोरली लेक रत्नागिरीस दिलेली आहे. गळीत हंगाम आटोपला, सोसायटीचा भरणा झाला की मी दरसाल मे महिन्यात गुळाच्या दोन ढेपा घेऊन एस.टी.त बसतो. मलकापूर मागे पडते, आंबा घाट उतरतो आणि साखरपा, नाणीज, पाली, हातखंबा करीत गाडी रत्नागिरीस पोचते. लेकीचे घर शहराच्या कडेला एका वाडीत आहे. चिऱ्याच्या भिंती, वर कौले, मागे फणस. जावई खाजगी नोकरीत, पगार बेताचा. नात अकरावी होऊन बारावीला चाललेली, सीईटीची तयारी करणारी. शहरातला क्लास परवडत नाही म्हणून ती घरीच इंटरनेटवर क्लास करते.

गेल्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा लेक जरा गप्प गप्प दिसली. रात्री जेवणे झाल्यावर म्हणाली, "आबा, नेट बंद करायचं म्हणतोय आम्ही. महिन्याला बाराशे जातात, आणि मागच्या खोलीत रेंजच येत नाही. पोरगी उंबऱ्यात बसून क्लास करते."

"मग दुसरी कंपनी बघा की," मी म्हणालो.

"दुसऱ्या कंपनीची तार या वाडीपर्यंत आलीच नाही."

नातीच्या शिक्षणाचा प्रश्न. म्हटले, आणा ते बिल इकडे. उसाच्या बिलातली कपात वाचण्यात आपली हयात गेली, हे कागद काय मोठे!

बिल म्हणजे काट्याची पावती

कागदी बिल येतच नव्हते, मोबाइलवर येत होते. नातीने उघडून दिले. ठरलेला दर होता ९९९ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १७९ रुपये ८२ पैसे. एकूण ११७८ रुपये ८२ पैसे. हा कर १ जुलै २०१७ पासून १८ टक्के झाला, त्याआधी सेवाकर व उपकर मिळून १५ टक्के होते. जाहिरातीत ठळक छापतात तो दर बहुधा कर सोडून असतो, हे पहिल्याने ध्यानात घ्यावे. ४९९ चा दर घरात येईपर्यंत ५८८ रुपये ८२ पैसे होतो.

बिल वाचताना पुढील गोष्टी एकेक करून पाहाव्यात :

१. मूळ दर किती व वेग किती? वेग 'एमबीपीएस' मध्ये लिहिलेला असतो.

२. ठराविक जीबी वापरानंतर वेग कमी होतो काय? होत असेल तर आपण त्या मर्यादेच्या जवळ तरी जातो काय?

३. सिनेमा, मालिका, क्रिकेट दाखवणारी ॲप दरात जोडलेली आहेत काय? असल्यास घरात ती कोण पाहतो?

४. राउटरचे भाडे, लँडलाइनचे भाडे, मुदतीनंतर भरल्याचा दंड, छापील बिलाचा आकार असे किरकोळ काही लागले आहे काय?

५. 'पहिले तीन महिने मोफत' म्हणून जोडलेली एखादी जादा सेवा मुदत संपल्यावर आपोआप सुरू राहिली आहे काय?

६. सुरुवातीस अनामत भरली असेल तर तिची पावती जपली आहे काय?

लेकीच्या बिलात तिसऱ्या कलमात घबाड सापडले. दरात चार-पाच ॲप जोडलेली. त्यांतले एक जावई क्रिकेटसाठी पाहत, बाकीची कोणी उघडलेलीसुद्धा नव्हती. पूर्वी त्यांचा दर कमीच होता. मागच्या खोलीत रेंज येत नाही अशी तक्रार केली, तेव्हा आलेल्या माणसाने "काका, मोठा प्लॅन घ्या" असे सांगितले आणि यांनी घेतला. प्लॅन मोठा झाला, बिल मोठे झाले, पण मागच्या खोलीत रेंज काही गेली नाही.

मोटार मोठी, पण दांड फुटका

आपल्याकडे एखादा शेतकरी शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही म्हणून पाच हॉर्सपॉवरची मोटार काढून दहाची बसवतो. दांड मध्ये फुटलेला असेल तर दहाची मोटारसुद्धा शेजाऱ्याचाच बांध भिजवणार. इंटरनेटचे नेमके तसेच आहे. कंपनीची तार घराच्या भिंतीपर्यंत वेग आणून देते. तिथून पुढे राउटर तो हवेतून खोल्याखोल्यांत वाटतो. कंपनीचा वेग वाढवला म्हणून हवेतले वाटप सुधारत नाही.

कोकणातली घरे जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची. भिंत चांगली जाडजूड असते आणि पावसाळ्यात ओल धरते. अशी एक भिंत ओलांडताना राउटरची शक्ती निम्मी-अर्धी गळते, दोन भिंतींनंतर फारसे काही उरत नाही. लेकीच्या घरी राउटर पडवीत टी.व्ही.च्या मागे कोपऱ्यात ठेवलेला, आणि नातीचे टेबल दोन भिंती पलीकडे. मग रेंज येणार कुठून?

उपाय साधे आहेत :

• राउटर घराच्या मध्यभागी, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, उघड्यावर ठेवावा. लोखंडी कपाट, फ्रीज, टी.व्ही., पाण्याची टाकी यांच्या आड ठेवू नये.

• बहुतेक राउटर दोन प्रकारच्या लहरी देतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर सावकाश पण भिंतीतून दूर जाते. ५ गिगाहर्ट्झची जलद, पण भिंतीला लवकर हरते. लांबच्या खोलीत २.४ ला जोडावे, राउटरजवळ ५ ला.

• एकच खोली अडत असेल तर तिथपर्यंत साधी नेटवर्क केबल ओढून घ्यावी. हा खर्च एकदाच येतो. दरमहाचा जादा दर मात्र जन्माचा मागे लागतो.

• जुन्या स्वस्त राउटरची केबल जोडण्याची भोके १०० एमबीपीएसचीच असतात. अशा राउटरवर १५० किंवा २०० चा प्लॅन घेतला तरी त्या केबलवाटे १०० च्या वर काही मिळत नाही.

लाइन खराब की घरातले वाटप खराब, हे ठरवायला वेग मोजणारी मोफत ॲप आहेत. आधी राउटरजवळ उभे राहून मोजावे, मग अडचणीच्या खोलीत मोजावे. सकाळी एकदा व रात्री नऊच्या सुमारास एकदा. राउटरजवळ पुरा वेग मिळतो आणि खोलीत मिळत नाही, तर दोष आपल्या घरातला आहे. राउटरजवळच मिळत नसेल तर तो कंपनीचा दोष आहे आणि त्याची तक्रार करावी. वजनकाट्यावर शंका आली तर आपण फेरवजन मागतो, तसेच हे.

आपल्याला वेग लागतो तरी किती?

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. टेलिफोनच्या तारेतून किरकिर आवाज करीत ते जोडले जाई. सन २००४ मध्ये सरकारी व्याख्येप्रमाणे २५६ केबीपीएस म्हणजे 'ब्रॉडबँड' होते. सन २०२३ मध्ये ती मर्यादा २ एमबीपीएस करण्यात आली. यावरून कळेल की १०० आणि २०० चे आकडे ऐकायला भारदस्त असले, तरी सामान्य घराची गरज त्याहून पुष्कळच कमी आहे.

नेटफ्लिक्स कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे मोठ्या स्वच्छ चित्राला (फुल एचडी) ५ एमबीपीएस आणि अतिस्वच्छ '४के' चित्राला १५ एमबीपीएस वेग पुरतो. चित्रासह बोलायला किंवा क्लासला साधारण २ ते ४ लागतात. आता लेकीच्या घरचा हिशेब मांडू. टी.व्ही. ५, नातीचा क्लास ४, दोघांचे मोबाइल मिळून ६. एकूण १५. सगळे एकाच वेळी चालू असे धरून, वर दुपटी-तिपटीची सवड ठेवली, तरी ४०-५० चा प्लॅन भरपूर होतो. त्यांच्याकडे होता १५० चा. तीन इंची पाइपाने भागणाऱ्या रानाला सहा इंची पाइप घातल्यासारखे झाले.

घरात दोघे-तिघे एकाच वेळी '४के' पाहणारे असतील, किंवा कोणी मोठमोठ्या फाइली पाठवण्याचे काम घरून करीत असेल, तर गोष्ट निराळी. अशांनी मोठा प्लॅन जरूर घ्यावा. आपल्या रानाप्रमाणे पाणी, एवढेच म्हणणे.

कंपनीशी बोलावे कसे?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कंपनीच्या फोनवर बोललो. भांडण नाही, धमकी नाही. "कंपनी बदलतो" असे खोटे सांगायचीही गरज पडली नाही, कारण बदलायला दुसरी नव्हतीच, आणि ते त्यांनाही ठाऊक होते. मी चार प्रश्न कागदावर लिहून दिले आणि लेकीने ते विचारले :

"आमचा वापर गेल्या सहा महिन्यांत किती झाला?"

"ॲप नसलेला, कमी वेगाचा कोणता प्लॅन आहे?"

"नव्या ग्राहकाला आज जो दर देता, तो आम्हा जुन्या ग्राहकाला का नाही?"

"सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे एकदम भरले तर काय सूट?"

पहिल्याने समोरचा माणूस म्हणाला की तसा प्लॅन नाही. लेक म्हणाली, "मग तुमच्या साहेबांना विचारून सांगा, मी थांबते." पाच मिनिटांनी प्लॅन निघाला. ४९९ रुपयांचा, ५० एमबीपीएसचा. जाहिरातीत तो कुठे ठळक दिसत नव्हता इतकेच. मोठा प्लॅन खाली आणायचा तर चालू महिना संपेपर्यंत थांबावे लागले. जो बदल तोंडी ठरला तो मेसेजने लेखी मागवला. तोंडी कबुलीला बाजारात भाव नाही.

जावई मात्र जरा हिरमुसले. "पाव्हणं, क्रिकेटचं काय?" मी विचारले. शेवटी तोड निघाली. ज्या महिन्यात मोठे सामने असतील त्या महिन्यापुरते ते एक ॲप वेगळे घ्यायचे, बाकीचे महिने बंद. बारमाही पाणी नको, पाळीपुरते घ्यावे.

एकदम रक्कम भरण्याबद्दल एक सावधगिरी. सूट किती टक्के पडते ते आधी काढावे, आणि सेवा नीट आहे की नाही ते दोन-तीन महिने पाहून मगच वर्षाचे पैसे द्यावेत. व्याजाने पैसे काढून आगाऊ भरू नये. ज्यांचे दुकान आहे व जीएसटी नंबर आहे, त्यांनी धंद्याच्या जोडणीचे बिल त्या नावाने घ्यावे व कराच्या परताव्याबद्दल आपल्या हिशेबनिसास विचारावे. निव्वळ घरगुती जोडणीला तो लाभ नाही.

बंद घराचे बिल

रत्नागिरी जिल्ह्यात अशी घरे पुष्कळ आहेत, की चाकरमानी मुंबईला आणि घर उघडते ते गणपती, शिमगा आणि मे महिन्यात. अशा घरांत बारमाही जोडणीचे भाडे भरणे म्हणजे पडीक रानाची पाणीपट्टी भरण्यासारखे आहे. त्यांनी आगाऊ भरण्याचा, म्हणजे 'प्रीपेड' प्रकार घ्यावा आणि घर उघडेल तेवढ्याच महिन्यांचे भरावे. काही कंपन्या ठराविक काळासाठी जोडणी थांबवून ठेवतात. ती सोय आहे काय, किती काळ व किती आकार घेऊन, हे लेखी विचारून घ्यावे. आपल्यातही ज्यांची मुले पुण्या-मुंबईला आहेत आणि गावचे घर सुट्टीपुरते उघडते, त्यांना हे लागू आहे.

बंद पडलेल्या दिवसांचे पैसे

कोकणचा पाऊस आपण जाणता. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडकडे खांब आणि तारा भुईसपाट केल्या. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पुरात बुडाले. अशा आपत्तीत कोणाचाच इलाज चालत नाही. पण एरवी फणसाची फांदी पडून तार तुटली आणि आठ-आठ दिवस कोणी फिरकले नाही, तर तेवढ्या दिवसांचे भाडे निमूट भरण्याचे कारण नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरण, ज्याला 'ट्राय' म्हणतात, ते १९९७ च्या कायद्याने स्थापन झाले. त्याने २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम केले व ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यांप्रमाणे घरगुती तारेच्या जोडणीतील कंपनीकडचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर महिनाअखेर बिल भरणाऱ्यास भाड्यात सूट आणि आगाऊ भरणाऱ्यास मुदतवाढ मिळावयास हवी. मात्र तक्रार नोंदलेली असली पाहिजे. तार तुटल्यावर लाइनमनला रस्त्यात गाठून सांगितले, ही तक्रार नव्हे. कंपनीच्या तक्रार केंद्रावर फोन करून तक्रार क्रमांक घ्यावा आणि तारीख-वेळेसह वहीत लिहावा. आपण ऊसनोंदीची पावती जपतो, तसा हा क्रमांक जपावा.

तक्रारीचा निकाल लागला नाही किंवा पटला नाही, तर २०१२ च्या नियमांप्रमाणे त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत दाद मागता येते. तिला फी नाही, आणि ३९ दिवसांत निकाल द्यावयाचा असतो. 'ट्राय' स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, म्हणून तिकडे पत्रे लिहीत बसू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. त्याहीपुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचाराच्या तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

ग्राहकाने एकटे राहू नये, हा धडा महाराष्ट्रानेच दिला. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदासुद्धा नव्हता. तो आला १९८६ साली. प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन कारखाना काढला तो याच विचाराने : एकट्याचे कोणी ऐकत नाही, शंभरांचे ऐकावे लागते. लेकीच्या वाडीत त्याच कंपनीची अकरा घरे निघाली. त्यांनी एकाच पत्रावर सह्या करून फांद्यांत लोंबणारी तार नीट ओढून मागितली. पावसाळ्यापूर्वी ती ओढून मिळाली.

सहकार म्हणजे मात्र एकाचे कनेक्शन भिंतीपलीकडच्या चार घरांनी वापरणे नव्हे. बहुतेक कंपन्यांच्या अटींत ते बसत नाही, आणि त्या जोडणीवरून कोणी काही गैर केले तर चौकशी ज्याच्या नावावर बिल त्याचीच होते. म्हणून पासवर्ड मधूनमधून बदलावा. वळवाच्या विजा कडाडू लागल्या की राउटरचा प्लग काढून ठेवावा. काचेच्या तंतूतून वीज येत नाही हे खरे, पण घरच्या विजेच्या तारेतून येते आणि राउटर जळतो.

हिशेबाचा शेवट

आता जमाखर्च सांगतो. राउटर पडवीतून माजघराच्या दाराशी आणायला तार वाढवावी लागली, त्याचे एकदाच तीनशे रुपये गेले. बिल ११७८ रुपये ८२ पैशांवरून ५८८ रुपये ८२ पैशांवर आले. महिन्याला ५९० रुपये वाचले. वर्षाचे ७,०८० रुपये. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला केंद्राने ठरवलेली एफआरपी टनाला ३,५५० रुपये आहे. म्हणजे हे जवळपास दोन टन उसाचे पैसे झाले, आणि तोडणी-वाहतूक वजा धरली तर दोन टनांहून जास्तच. दोन टन ऊस पिकवायला किती पाणी, किती खत आणि किती घाम लागतो, ते आपल्याला सांगायला नको.

कंपनी तीच, तार तीच. मी निघालो त्या दिवशी नात मागच्या खोलीत टेबलाशी बसून क्लास करीत होती. मी दारात उभा राहिलो तर हाताने "थांबा आजोबा" अशी खूण केली आणि पुन्हा वहीत मान घातली. एस.टी. चुकेल म्हणून लेक घाई करीत होती, पण मी दोन मिनिटे तसाच उभा राहिलो.

तेव्हा मंडळी, या महिन्याचे बिल आले की नुसते भरून मोकळे होऊ नका. चष्मा लावा, नातवंडाला शेजारी बसवा आणि ओळ न् ओळ वाचा. ज्या सभासदांना यातून काही उपयोग झाला, त्यांनी आपला अनुभव गट ऑफिसात जरूर कळवावा, म्हणजे तो इतरांच्याही कामी येईल.

— एक ऊस उत्पादक सभासद